मृग कोणाचा? परराज्यातील शिकाऱ्याच्या परवान्याचा इतिहास

संस्कृतात 'मृग' हा शब्द मुळात कोणत्याही रानपशूसाठी वापरला जात असे. सिंहाला 'मृगेंद्र' आणि माकडाला 'शाखामृग' म्हणताना हाच जुना अर्थ आपण नकळत जागवीत असतो. पुढे अर्थसंकोच होऊन हा शब्द हरणापुरता उरला. इंग्रजीतील 'डिअर' या शब्दाची कथाही अगदी अशीच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ 'पशू' एवढाच होता आणि त्याचा जर्मन भाऊबंद 'टीअर' आजही तोच अर्थ सांगतो. शिकारीतला मुख्य पशू हरीणच असल्यामुळे साऱ्या पशुजातीचे नाव त्याच्या वाट्याला आले, असे म्हणता येईल. 'फॉरेस्ट' या शब्दाकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तो बहुधा 'बाहेर' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असावा. नॉर्मन इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' म्हणजे झाडी नव्हे, तर सर्वसाधारण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला, राजाच्या शिकारीसाठी राखलेला प्रदेश. त्यात शेते असत, गावेही असत. म्हणजे हरणाचा विषय निघाला की 'आत' कोण आणि 'बाहेर' कोण, हा प्रश्न भाषेच्या मुळापासूनच सोबत येतो.

या प्रश्नाचे आजचे सर्वांत रोखठोक रूप पाहायचे असेल, तर ते अमेरिकेतील एका साध्या सरकारी अर्जात सापडते. एका राज्यातील रहिवाशाला दुसऱ्या राज्यात जाऊन हरणाची शिकार करायची असेल, तर त्याला 'अनिवासी' या वर्गात परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. 'अनिवासी' हा शब्द आपल्याला परदेशस्थ भारतीयांमुळे परिचित आहे. येथे मात्र स्वतःच्याच देशात, शेजारच्याच राज्यात माणूस अनिवासी ठरतो. त्याचे शुल्क निराळे, त्याचा कोटा निराळा आणि पुष्कळदा सोडतीतले त्याचे स्थानही निराळे. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी 'डोमिसाईल'च्या दाखल्यासाठी धावाधाव केलेल्या मराठी पालकांना यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु महाविद्यालयातील जागा राज्य सरकार निर्माण करते. हरीण कोणी निर्माण केले? ते एका राज्याचे कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकी न्यायालयांनी जे लिहिले, ते केवळ कायद्याचे वाङ्मय नाही; मालकी, रहिवास आणि परकेपण यांविषयीचे ते एक दीर्घ चिंतनच आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे, असे मला वाटते.

राजाचे हरीण, जमीनदाराचे हरीण

रोमन कायद्यात वन्य पशू कोणाचाच नसे. जो पकडेल त्याचा तो होई. नॉर्मन राजांनी इंग्लंडमध्ये ही कल्पना मोडीत काढली आणि राखीव रानातील हरीण राजाचे ठरवले. त्या काळातील शिक्षा किती कठोर होत्या, हे १२१७ च्या वनसनदेवरून कळते. हरणाच्या मांसासाठी यापुढे कोणाचाही जीव किंवा अवयव जाणार नाही, असे त्या सनदेला स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. पुढे हक्क राजाकडून जमीनदाराकडे सरकला. १६७१ च्या कायद्याने शिकारीची पात्रता वार्षिक शंभर पौंड उत्पन्न देणाऱ्या मालकीच्या जमिनीशी बांधली. १७२३ च्या 'ब्लॅक अॅक्ट'ने तर वेषांतर करून, चेहऱ्याला काळे फासून हरणे चोरणाऱ्यांना मृत्युदंडापर्यंत नेले. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९७५ च्या 'व्हिग्ज अँड हंटर्स' या ग्रंथात याच कायद्याची चिकित्सा केली आहे. शेक्सपिअरने तरुणपणी सर थॉमस ल्यूसीच्या उद्यानातील हरीण चोरले, ही आख्यायिका निकोलस रो याने १७०९ मध्ये त्याच्या चरित्रात नोंदवली. ती खरी असण्याचा संभव कमीच; पण ती लोकांना इतकी गोड का वाटली, हे या पार्श्वभूमीवर उमजते. हरीण चोरणे हा सामान्य माणसाने मोठ्यांच्या कुंपणावर केलेला आघात होता.

१८३१ मध्ये जमिनीची ही अट इंग्लंडने काढून टाकली आणि तिच्या जागी विकत घेता येणारे प्रमाणपत्र आणले. पात्रतेच्या जागी परवाना आला. कुळ आणि जमीन यांच्याऐवजी पैसे भरण्याची तयारी पुरेशी ठरली. परवाना या कल्पनेतील लोकशाही अंश येथे दिसतो, आणि तिची मर्यादाही येथेच दिसते.

१८२३: एक कादंबरी आणि एक निकाल

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वसाहतकऱ्यांना इंग्लंडमधील ही व्यवस्था मुळीच नको होती. पण हरीण कोणाचे, हा प्रश्न त्यांच्याही पाठीशी आलाच. जेम्स फेनिमोर कूपर याची 'द पायोनियर्स' ही कादंबरी १८२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात एका मेलेल्या हरणावरून होते. १७९३ सालच्या नाताळच्या सुमारास, बर्फाळ वाटेवर, न्यायाधीश टेंपल आणि वृद्ध शिकारी नॅटी बंपो यांच्यात वाद पेटतो: नेमकी कोणाची गोळी हरणाला लागली? टेंपल जमिनीचा मालक आहे, गावाचा संस्थापक आहे आणि कायद्याचा प्रतिनिधीही आहे. नॅटी त्या रानात त्याच्या कितीतरी आधीपासून राहत आला आहे. पुढे बंदीच्या हंगामात नॅटी तळ्यात पोहणारे एक हरीण मारतो, झडतीचा हुकूम घेऊन आलेल्यांना बंदुकीच्या जोरावर अडवतो, आणि त्याला खोडा व कैद भोगावी लागते. शेवटी तो गाव सोडून पश्चिमेकडे चालू लागतो. या रानाचा मूळ स्वामी असलेल्या समाजातला त्याचा वृद्ध मित्र चिंगाचगूक तोवर मरण पावलेला असतो.

कूपरचे सामर्थ्य असे की तो टेंपलला खलपुरुष करत नाही. जंगल ओरबाडले जात आहे, कबुतरांचे थवेच्या थवे तोफ लावून पाडले जात आहेत, तेव्हा कायदा हवाच, हे टेंपलचे म्हणणे खरे आहे. हे ओरबाडणारे नवे लोक आहेत, गरजेपुरते मारणारा नॅटी नव्हे, आणि तरी कायद्याच्या पहिल्या फटक्याखाली नॅटीच सापडतो, हेही तितकेच खरे आहे. संरक्षणाचा कायदा न्याय्य असूनही तो चुकीच्या माणसावर प्रथम कोसळू शकतो, ही जाणीव या कादंबरीने अमेरिकी साहित्याला दिली.

योगायोग असा की त्याच वर्षी न्या. बुशरॉड वॉशिंग्टन यांनी 'कॉरफील्ड विरुद्ध कोरिएल' हा निकाल दिला. न्यू जर्सीने आपल्या पाण्यातील कालवे गोळा करण्यास परराज्यातील लोकांना बंदी केली होती. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात नागरिकांचे सर्व हक्क मिळावेत, असे संघराज्याची घटना सांगते. मग ही बंदी वैध कशी? न्या. वॉशिंग्टन यांचे उत्तर असे की घटनेने 'मूलभूत' स्वरूपाचे हक्क दिले आहेत. राज्यातील नागरिकांच्या सामाईक संपत्तीत वाटा मागण्याचा हक्क त्यात येत नाही. राज्याबाहेरच्या शिकाऱ्याच्या कायदेशीर स्थानाची पायाभरणी अशी कालवांच्या खटल्यात झाली.

पन्नास सेंट आणि पंचवीस डॉलर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, बर्फात मांस टिकवून दूरच्या शहरांत पाठवणे सोपे झाले आणि बाजारासाठी शिकार करणाऱ्यांची फौज रानात उतरली. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या १९०० च्या सुमारास पाच लाखांपर्यंत उतरली असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. राज्यांनी हंगाम ठरवले, संख्येच्या मर्यादा घातल्या आणि परवाने सुरू केले. मिशिगनने १८९५ मध्ये हरणाच्या शिकारीसाठी परवाना आणला: रहिवाशाला पन्नास सेंट, बाहेरच्याला पंचवीस डॉलर. एकास पन्नास असे हे प्रमाण होते. परक्याला रोखावे आणि रोखता आले नाही तर त्याच्याकडून पैसा घ्यावा, असे दोन्ही हेतू त्या आकड्यात एकत्र नांदत होते.

या व्यवस्थेला तात्त्विक बैठक दिली ती १८९६ च्या 'गीअर विरुद्ध कनेक्टिकट' या निकालाने. राज्यात कायदेशीरपणे मारलेले पक्षीसुद्धा राज्याबाहेर नेता येणार नाहीत, असा कनेक्टिकटचा कायदा होता. न्या. एडवर्ड व्हाइट यांनी तो उचलून धरला. अथेन्सचा सोलोन, रोमन कायदा, इंग्लंडचा राजा अशी वंशावळ मांडून त्यांनी दाखवले की वन्य प्राण्यांवरचा राजाचा अधिकार क्रांतीनंतर राज्यातील जनतेकडे आला आणि सरकार तो विश्वस्त या नात्याने सांभाळते. राजाचे हरीण आता जनतेचे झाले. पण 'जनता' म्हणजे कोण, तर त्या राज्याच्या सीमेच्या आत राहणारी.

आता याच वर्षीचा दुसरा निकाल पाहावा. १८९६ मध्येच, अवघ्या काही आठवड्यांनी, याच न्या. व्हाइट यांनी 'वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स' हा निकाल लिहिला. रेस हॉर्स हा बॅनॉक जमातीचा मनुष्य होता. त्याने वायोमिंगमध्ये सात एल्क मारले होते. (एल्क हा हरणांच्याच कुळातला मोठा प्राणी, आपल्या सांबराचा नातलग.) १८६८ च्या तहाने त्याच्या जमातीला वसाहत नसलेल्या सरकारी भूमीवर शिकारीचा हक्क दिला होता. न्यायालयाने सांगितले की १८९० मध्ये वायोमिंग राज्य म्हणून अस्तित्वात आले आणि त्याबरोबर हा हक्क संपला. सहा वर्षांचे राज्य 'निवासी' ठरले, आणि पिढ्यानपिढ्या त्या भूमीवर शिकार करणारा माणूस विनापरवाना शिकारी ठरला. कूपरने कल्पनेत पाहिलेले दृश्य सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात उतरले होते.

मालकीची कल्पना ढासळते, भेद मात्र टिकतो

विसाव्या शतकात मालकीचा हा सिद्धांत हळूहळू निखळत गेला. दक्षिण कॅरोलायनाने कोळंबीच्या बोटींसाठी रहिवाशांना २५ डॉलर आणि परक्यांना २५०० डॉलर शुल्क लावले, तेव्हा १९४८ च्या 'टूमर विरुद्ध विट्सेल' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि राज्याची मालकी ही एक कायदेशीर कल्पितकथा आहे, असे सांगितले. 'फिक्शन' हाच शब्द न्यायालयाने वापरला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो टिपून ठेवावा. १९७९ मध्ये 'ह्यूझ विरुद्ध ओक्लाहोमा' या खटल्यात गीअरचा निकाल अधिकृतपणे मोडीत निघाला.

मालकी संपली म्हणजे निवासी-अनिवासी हा भेदही संपेल, असे वाटणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. १९७८ च्या 'बाल्डविन विरुद्ध मोंटाना' या खटल्यात मिनेसोटाच्या काही शिकाऱ्यांनी आणि मोंटानातील एका शिकार-मार्गदर्शकाने दाद मागितली होती. १९७६ च्या हंगामात मोंटानाच्या रहिवाशाला केवळ एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला तसा सुटा परवाना नव्हताच; एल्क, हरीण, अस्वल, पक्षी, मासे असा एकत्र परवाना २२५ डॉलरला घ्यावा लागे. रहिवाशाला हाच एकत्र परवाना ३० डॉलरला होता. न्या. ब्लॅकमन यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने मोंटानाची बाजू घेतली. कोळंबी पकडणे हा चरितार्थ होता; एल्कची शिकार हा छंद आहे आणि छंद हा मूलभूत हक्क नव्हे, असे त्यांचे सूत्र. न्या. ब्रेनन यांनी भिन्न मत नोंदवले. हक्क मूलभूत आहे की नाही, हे मोजण्यापेक्षा परक्यांमुळे खरोखर काही विशेष हानी होते का, हे राज्याने सिद्ध करावे, असे त्यांचे म्हणणे होते.

यानंतरचा मोठा संघर्ष अॅरिझोनात झाला. त्या राज्याने काही शिकारींत अनिवासींचा वाटा दहा टक्क्यांवर रोखला होता. २००२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने यात आंतरराज्य व्यापाराचा प्रश्न असल्याचे मान्य केले आणि राज्यांच्या पायाखालची जमीन हलली. त्यावर काँग्रेसने २००५ मध्ये कायदा करून निवासी आणि अनिवासी यांत भेद करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्ट शब्दांत पुन्हा मान्य केला. आजचा अर्ज या कायद्याच्या आधारावर उभा आहे.

आजचा अर्जदार

या अर्जदारापुढील वाट लांबलचक आहे. प्रथम तो कोणत्या राज्याचा रहिवासी, हे ठरते. मोंटानात त्यासाठी १८० दिवसांचे वास्तव्य लागते, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्षाचे. मग शिकार-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. पश्चिमेकडील पुष्कळ राज्यांत परवाना दुकानात सरळ मिळत नाही. कोणते क्षेत्र, कोणता हंगाम, बंदूक की धनुष्य, हे नमूद करून सोडतीसाठी अर्ज करायचा असतो. नंबर लागला नाही तर काही राज्ये एक गुण देतात आणि असे गुण साठवत काही शिकारी वर्षानुवर्षे वाट पाहतात. परवाना मिळाल्यावर हरीण मारले तर त्यावर चिठ्ठी बांधावी लागते. परतताना मेंदू आणि कणा असलेला मृतदेह राज्याच्या सीमेपलीकडे नेण्यास अनेक ठिकाणी मनाई आहे, कारण १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळलेला हरणांचा एक जीवघेणा मेंदूविकार त्यातून पसरू शकतो.

यातील दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली वायोमिंगची. तेथील संघराज्याच्या मालकीच्या, 'वाइल्डरनेस' म्हणून घोषित झालेल्या भूमीवर अनिवासी शिकाऱ्याला परवानाधारक मार्गदर्शक किंवा स्थानिक सोबती घेतल्याशिवाय मोठ्या पशूंची शिकार करता येत नाही. ती भूमी साऱ्या देशाची आहे. फ्लोरिडातला नागरिकही तिचा तितकाच धनी. तेथे तो एकटा फिरू शकतो, मुक्काम करू शकतो. पण तिच्यावर चरणारे हरीण राज्याच्या अखत्यारीत आहे, आणि त्या हरणासाठी तो परका आहे. दुसरी आयोवाची. तेथे नर-मादी कोणतेही हरीण मारण्याचे अनिवासी परवाने ६००० पुरते मर्यादित आहेत. आयोवात जमीन असलेल्या पण राज्याबाहेर राहणाऱ्या मालकांनी निवासी मालकांसारखी सवलत मागितली, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती नाकारली. १६७१ च्या इंग्लंडमध्ये जमीन होती म्हणून शिकारीचा हक्क होता. २०१३ च्या आयोवात जमीन असूनही रहिवास नाही म्हणून तो हक्क नाही. साडेतीन शतकांत मोजमापाची काठी पूर्ण बदलली आहे.

राज्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील संघीय कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळू लागला. अट अशी की परवान्यांचे उत्पन्न राज्याने याच कामाला लावावे. त्या पैशातून अधिवास राखले गेले, हरणांची पुनर्वसाहत झाली. आज पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास असल्याचे अंदाज आहेत. या यशात परक्या शिकाऱ्याच्या महागड्या परवान्याचा वाटा लहान नाही. ज्याला सर्वांत कमी हक्क, तोच सर्वांत जास्त किंमत मोजतो, आणि त्यातून जे वाढते ते सर्वांचे होते, अशी ही विलक्षण रचना आहे.

सीमा ओलांडणारा

आपल्याकडे या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ मसुद्यात शिकारीच्या परवान्यांचे प्रकार होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते कलमच गळाले आणि परवान्याचा प्रश्न मिटला. पण फासे लावून हरणे धरण्याचे कसब ज्यांच्या नावातच आहे, त्या फासेपारध्यांच्या वाट्याला आलेली गुन्हेगारीची ओळख १८७१ च्या कायद्यापासून सुरू झाली आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही पुसली गेली नाही. नॅटी आणि रेस हॉर्स यांना ओळखायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

रेस हॉर्सच्या कथेला मात्र पुढचा अध्याय आहे. जानेवारी २०१४ मध्ये क्रो जमातीचा क्लेव्हिन हेरेरा आपल्या काही साथीदारांसह मोंटानातील राखीव प्रदेशातून एल्कच्या मागावर निघाला. कळप सीमा ओलांडून वायोमिंगमधील बिगहॉर्न राष्ट्रीय वनात गेला. ते मागोमाग गेले आणि त्यांनी शिकार केली. वायोमिंगच्या दृष्टीने हा बंद हंगामात, विनापरवाना शिकार करणारा परराज्यातील मनुष्य होता. हेरेराने १८६८ चा आपल्या जमातीचा तह पुढे केला. २० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की राज्य स्थापन झाल्यामुळे तहातील हक्क संपत नाही. न्या. सोटोमायर यांच्या या निकालाने रेस हॉर्सचा युक्तिवाद एकशे तेवीस वर्षांनी निकालात काढला. ते वन तहाच्या अर्थाने 'वसलेले' आहे काय आणि संवर्धनासाठी राज्य काही निर्बंध घालू शकते काय, हे प्रश्न मात्र खालच्या न्यायालयाकडे परत गेले.

निवासी आणि अनिवासी हे शब्द वरवर भूगोलाचे वाटतात. या इतिहासातून त्यांच्याकडे पाहिले की त्यांच्या आत काळाचे मोजमाप दडलेले दिसते: १८० दिवस, एक वर्ष, राज्याच्या स्थापनेचे साल, तहाचे साल. कोणी किती काळ राहिले की 'येथला' होतो, याचे उत्तर प्रत्येक व्यवस्था स्वतःच्या सोयीने देते आणि मग ते निसर्गदत्त असल्यासारखे अर्जावर छापते. वर्गात 'द पायोनियर्स' शिकवताना तिच्या शेजारी गीअर, रेस हॉर्स आणि हेरेरा हे तीन निकाल ठेवून पाहावेत. कादंबरीतील पहिला वाद, म्हणजे बर्फात पडलेले हरीण नेमके कोणाचे, हा अजून सुटलेला नाही, एवढे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.